भिंतीवर ‘सन्मान’, तक्त्यावर खोट्या सह्या

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईला उठवून बसवायलाही दोन माणसं लागायची. सेलूच्या घरी मी आणि बायको, दोघंही नोकरीवर. म्हणून तिला छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी सेवाकेंद्रात ठेवलं. दारातच मोठी पाटी होती: ‘सेवा, सन्मान, पारदर्शकता’. ती वाचूनच माझा विश्वास बसला. 50,000 डिपॉझिट, महिन्याला 28,000, शिवाय रात्री फक्त आईजवळ बसणाऱ्या मावशीचे रोज 300.

दर रविवारी फोन करून जायचो. आई न्हाऊमाखू घालून, वेणी घालून बसवलेली असायची. एका बुधवारी दुपारी चारला न सांगता गेलो. खाटेला अडकवलेला तक्ता सहज हातात घेतला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याचीच ती नोंद. घड्याळात चार, आणि तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या होऊन बसलेल्या. सगळ्या एका पेनाच्या, एका वळणाच्या. आईला कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम, गाऊन तिला चिकटलेला. आईला बोलता येत नाही. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

मावशी हळूच म्हणाली, “सकाळीच सगळ्या सह्या करून ठेवायला सांगतेत, दादा.” तिच्यावर माझा राग नाही. रात्री अकरा खाटांना ती एकटीच, आणि 300 रुपये मात्र प्रत्येकाकडून घेतलेले. मॅनेजर म्हणाले, स्टाफ कमी आहे, समजून घ्या. तेही समजून घेतलं असतं, पण न केलेल्या कामाच्या सह्या घ्यायचं वरून ठरलेलं होतं. डिपॉझिटही परत मिळालं नाही. करारात बारीक अक्षरात तसं लिहिलेलं, आणि मी न वाचताच सही केली होती.

तुमचं माणूस कुठे ठेवलं असेल तर अवेळी जा. तक्ता बघा, पांघरूण काढून पाठ बघा. रात्रपाळीला कोण असतं ते नावानिशी विचारा. ज्येष्ठांसाठी 14567 आणि ग्राहकांसाठी 1915 या हेल्पलाइन आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेपोटी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मी तक्रार केली आहे.

तक्त्याचा फोटो तेव्हाच काढला होता. दुसऱ्या दिवशी आईला न्यायला गेलो तर खाटेला नवा, कोरा तक्ता लटकत होता.