हिरवा दिवा लागला आणि मी भुललो

आकडा आधीच सांगतो : २१,५०० रुपये. १८,००० रोख, दुसऱ्याकडून घेतलेल्या सीझन कार्डाचे, म्हणजे क्लबच्या हंगामभराच्या सामन्यांच्या पासचे. ३,५०० यूपीआयने, ‘नाव बदलायची फी’ म्हणून. मी काही दुधखुळा नाही. लिंकवर क्लिक करून ओटीपी देणाऱ्यांना हसणाऱ्यांतला मी. म्हणून तर विकणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष भेटलो, कार्ड तपासलं आणि मगच पैसे मोजले. तिथेच माती खाल्ली.

उरलेल्या नऊ सामन्यांचं कार्ड, मालकाची बदली झालेली, नेहमीचंच सगळं. भेटलो स्टेडियमच्या गेटवर, तेही सामन्याच्याच दिवशी. “तुम्हीच टेकवून बघा,” म्हणाला. टेकवलं. बीप, हिरवा दिवा, गेट सुटलं. आत जाऊन पूर्ण सामना बघितला. याहून मोठा पुरावा कुठला मागायचा?

पुढच्या सामन्याला लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग खोळंबलेली, मी शर्टाला कार्ड पुसतोय. हेल्पडेस्कवर कळलं की मूळ मालकाने कार्ड ‘हरवल्याची’ नोंद करून डुप्लिकेट घेतलंय.

म्हणजे कार्ड खोटं नव्हतंच! यातली मेख समजून घ्या. गेटवरचा रीडर कार्डातल्या चिपमधून त्याची ओळख वाचतो. ते कार्ड आज चालतं की नाही, हे क्लबच्या सिस्टिममध्ये ठरतं. तिथे ते एकदा काळ्या यादीत गेलं की हातात उरतो प्लास्टिकचा तुकडा. एका आयटीवाल्या मित्राने लगेच अशा टेकवायच्या कार्डांत असणाऱ्या मायफेअर क्लासिक चिपची कथा ऐकवली, तिचं एन्क्रिप्शन २००८ सालीच संशोधकांनी कसं फोडलं वगैरे. अरे बाबा, माझ्या चोराला काही फोडावंच लागलं नाही. एक बटण दाबलं, झालं.

आणि ते बटण मी बघितलं होतं. हेच जास्त जळतं. नाव माझ्यासमोर बदला म्हटल्यावर त्याने ॲप उघडलं, “सर्व्हर डाउन आहे, रात्री करतो, फी तेवढी देऊन ठेवा” म्हणाला. स्क्रीनवर त्याच्या नावाखालीच लिहिलेलं : ‘कार्ड हरवलं?’ मी ते वाचलं. वर विनोद केला, “आता हरवू नका म्हणजे झालं.” तोही हसला. तिथेच उठायला हवं होतं. पण सामना सुरू व्हायला वीस मिनिटं होती, आणि अशा वेळी डोकं चालत नाही. तुमचंही चाललं नसतं.

खातं तुमच्या नावावर होऊन तुमच्या फोनवर मेसेज येईपर्यंत एक पैसा देऊ नका. रोख तर नाहीच. माझ्या १८,०००चा कागदावर पुरावाच नाही.

पोलीस चौकीत तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा, “कार्ड खरं आहे ना, मग फसवणूक कसली?” दुसऱ्यांदा, “ब्लॅकनं घेतलंत ना, तुमच्यावरच यायचं.” तिसऱ्यांदा साहेब बाहेर. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. क्लबकडे त्या माणसाचं नाव आहे, फोटो आहे, डुप्लिकेट कधी दिलं त्याची वेळ आहे, गेटवर कॅमेरे आहेत. पण मला काही सांगणार नाहीत, पोलिसांचं पत्र हवं. पोलीस म्हणतात, आधी क्लबचं पत्र आणा! वर क्लबवाले ऐकवतात की कार्ड दुसऱ्याला देता येत नाही, मागे छापलंय. छापलंय खरं, मुंगीच्या अक्षरात. मग ॲपमध्ये डुप्लिकेट मागणाऱ्याला एक प्रश्न तरी विचारा की!

त्याची जाहिरात, चॅट, प्रोफाइल, सगळ्यांचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा. मी काढले नाहीत. संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब.

निघताना हेल्पडेस्कवाल्याने हात पुढे केला. “ते रद्द झालेलं कार्ड जमा करा, क्लबच्या मालकीचं आहे.”

दिलं नाही.