नवे म्हणून विकलेले जुने बाण

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या डाव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, शस्त्रक्रियेचा व्रण आहे. ज्या बाणामुळे तो झाला, तो बाण मी स्वतः पैसे मोजून, नवा कोरा समजून आणला होता आणि माझ्या हातांनी तिच्या भात्यात ठेवला होता. तो नवा नव्हता. तडा गेलेला, गोंदाने भरलेला आणि वरून चकचकीत वेष्टन गुंडाळलेला तो जुना बाण होता. मुंबईत तिरंदाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांवर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड, म्हणजे चाके लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून आमच्या मैदानावर येणाऱ्या मुलांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. सामानाची दुकाने मात्र तितकी वाढली नाहीत. त्यामुळे बरेचसे पालक फोनवरच्या ग्रुपमधून, कुणाच्या तरी ओळखीने, वापरलेले सामान घेतात, आणि धनुष्याच्या मधल्या मुठीच्या बाबतीत त्यात फारसे वावगेही नाही. बाणाची गोष्ट वेगळी आहे, हे मला तेव्हा कळत नव्हते.

मुलगी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य वापरते. तिची ताकद वाढली म्हणून तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी धनुष्याच्या पात्या, म्हणजे मुठीला जोडलेले वाकणारे दोन भाग, बदलल्या. आता पूर्ण खेचल्यावर तिच्या बोटांवर ३४ पौंडांचा ताण येऊ लागला आणि जुने बाण त्याला नरम पडू लागले. सरांनी ७०० स्पाइनचे कार्बनचे बाण आणायला सांगितले. स्पाइन म्हणजे बाणाच्या दांड्याचा ताठरपणा. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा ठेवून मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगले की तो जितका वाकतो, त्याचे इंचाच्या हजाराव्या भागातले माप म्हणजे तो आकडा. ७०० चा बाण ०.७ इंच, म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर वाकतो. आकडा मोठा तितका बाण नरम, आणि जोरदार धनुष्यावर नरम बाण लावणे धोक्याचे.

दुकानात डझनाला ९,८०० रुपये सांगितले आणि माल यायला दोन आठवडे लागतील म्हणाले. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. त्याच सुमारास ग्रुपवर नेहमी जाहिरात टाकणाऱ्या एका विक्रेत्याने ५,६०० रुपयांत डझन बाण लगेच देतो म्हणून कळवले. पैसे वाचत होते आणि वेळही वाचत होता, म्हणून मी हो म्हणालो.

दादर स्टेशनाच्या पश्चिमेला, फूलबाजाराच्या बाजूला, संध्याकाळच्या गर्दीत आमची भेट ठरली. वर्तमानपत्राच्या नळकांड्यात गुंडाळलेले बारा बाण त्याने काढून दाखवले. दांडे काळेभोर आणि चकचकीत होते. मागच्या टोकाशी चार इंच लांबीचा, काळ्या-सोनेरी रंगाचा प्लास्टिकचा रॅप, म्हणजे दांड्याभोवती चिकटवलेले वेष्टन होते, त्यावर पिवळी पिसे होती आणि टोकाला लाल रंगाचे कोरे नॉक, म्हणजे दोरीवर अडकणारी खाचेची टोपणे, बसवलेले होते. जवळ घेतल्यावर पंक्चर काढायच्या सोल्यूशनसारखा उग्र वास आला. ताजा वास म्हणजे ताजा माल, असे मी मनाशी धरले. ती पिसे आदल्याच दिवशी चिकटवलेली असणार, हे आज कळते.

“यावर स्पाइनचा आकडा कुठे दिसत नाही?” असे मी विचारले.

“रॅपखाली आहे, साहेब. सगळे सातशेच आहेत, बाहेरून आलेला माल आहे, फक्त डबा नाही. रॅप काढू नका, पिसं निघून येतील.”

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात होती. पिसे रॅपवरच चिकटवलेली असतात, त्यामुळे रॅप सोलला की पिसे जातात आणि बाण पुन्हा बांधावा लागतो. हे ठाऊक असलेला कोणीही घेणारा जागच्या जागी रॅप सोलून बघत नाही. बिल मागितले तेव्हा टॅक्सचे पैसे वाढतील, असे उत्तर मिळाले. मी बिलाशिवाय फोनवरून पैसे पाठवले आणि लोकल पकडली.

सरांनी बाण वरवर पाहिले. नवे आहेत असे मीच ठामपणे सांगितल्यामुळे त्यांनी एकेक वाकवून बघितला नाही, आणि त्यांचा दोष मी धरत नाही. रविवारी सकाळी ती तीस मीटरवर सराव करत होती. पहिल्या तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथ्या फेरीत तिने दोरी सोडली आणि नेहमीच्या टणत्काराऐवजी सुकलेला बांबू मोडावा तसा कडकड आवाज आला. बाणाचा पुढचा भाग दहा-बारा मीटरवर गवतात जाऊन पडला. तिने धनुष्य खाली टाकले नाही, तसेच धरून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “बाबा, बाण कुठे गेला?” मी तिच्या हाताकडे पाहिले. अंगठ्याच्या मुळातून गवताच्या काडीएवढे काळे तुकडे बाहेर आलेले होते आणि त्यांच्याभोवती बारीक, काळ्या, केसासारख्या कुसळांची दाटी होती. रक्त फार नव्हते. हात थरथरत होता.

मी तुकडा ओढायला पुढे झालो तेव्हा सरांनी माझे मनगट पकडले. कार्बनचा दांडा म्हणजे राळेत बसवलेले हजारो तंतू. तो मोडतो तेव्हा लाकडासारखा एकसंध मोडत नाही, पिंजून फुटतो, आणि ओढताना त्यातले अर्धे तंतू आत तुटून राहतात. त्यांनी हात स्वच्छ कापडात सैल गुंडाळला, तो वर धरायला सांगितला आणि बाणाचे मोडके तुकडे पिशवीत भरून माझ्याकडे दिले.

रुग्णालयात एक्स-रे काढला. त्यात जवळजवळ काहीच दिसले नाही. वर दिसणारे तुकडे काढून, ड्रेसिंग करून घरी पाठवायची तयारी झाली होती. कार्बन एक्स-रेमध्ये धातूसारखा उमटत नाही, हे सरांना माहीत होते म्हणून त्यांनी सोनोग्राफीचा आग्रह धरला, आणि सोनोग्राफीत स्नायूच्या आत तीन तुकडे दिसले. दुसऱ्या दिवशी हाताच्या शल्यचिकित्सकांनी भूल देऊन ते काढले. आणलेले मोडके तुकडे टेबलावर एकापुढे एक मांडून कुठला भाग कमी आहे हे त्यांनी आधी पाहिले, म्हणून अशी वेळ कुणावर आलीच तर मोडलेला बाण फेकू नका, डॉक्टरांकडे न्या आणि आत कार्बनचा तुकडा असू शकतो हे स्पष्ट शब्दांत सांगा.

मुलीला घरी आणल्यानंतर त्या रात्री मी उरलेले अकरा बाण स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडले आणि केस वाळवायच्या यंत्राने रॅप गरम करून एकेक सोलायला घेतला. पहिल्याच बाणावर ९०० हा आकडा निघाला. तसे तीन निघाले. सहा बाणांवर ७०० होते, पण ते दुसऱ्याच कंपनीचे होते, आणि दोन बाणांवरचा छापील मजकूर पॉलिशपेपरने घासून काढलेला होता. चार बाणांवर चंदेरी शाईच्या पेनाने इंग्रजी आद्याक्षरे लिहिलेली होती, दोन बाणांवर एक जोडी आणि दोन बाणांवर दुसरीच. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमाप्रमाणे स्पर्धेतल्या प्रत्येक बाणावर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावी लागतात. म्हणजे हे बाण किमान दोघा खेळाडूंनी वापरून टाकून दिलेले होते.

मोडलेल्या बाणाचा मागचा तुकडा मी शेवटी हातात घेतला. रॅपखाली नॉकपासून बोटभर लांबीची उभी चीर होती, तिच्यात झटपट चिकटणारा गोंद भरून, तो वाळल्यावर घासून गुळगुळीत केलेला होता. नखाने तिथे चाचपले तर काही लागत नव्हते, उजेडात तिरका धरल्यावर मात्र काचेवरच्या ओरखड्यासारखी रेघ दिसत होती. सरांच्या मते टार्गेटमध्ये रुतलेल्या या बाणावर मागून दुसरा बाण आदळला असावा, आणि नॉक फुटून दांड्याचे तोंड चिरले असावे.

अशी चीर इतका अनर्थ का करते, तेही सांगतो. दोरी सुटते त्या क्षणी तिचा सगळा जोर बाणाच्या मागच्या टोकावर येतो, तर पुढचे जड टोक अजून जागेवरच असते. या दोहोंच्या मध्ये दांडा दाबला जाऊन माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो. धडधाकट दांडा हे वाकणे हजारो वेळा सोसतो. चिरलेला दांडा मात्र त्याच क्षणी, म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताच्या अगदी वर असताना उकलतो, आणि मागून दोरी अजून ढकलत असल्यामुळे फुटलेले टोक अंगठ्याच्या मुळात, मनगटात किंवा कोपराखालच्या भागात घुसते. बाण नरम असेल तर तो जास्त वाकतो आणि धोका वाढतो. आमच्या डझनात दोन्ही दोष होते.

आता मुलगी आणि मी मिळून जी तपासणी करतो, ती सरांनी शिकवलेली आहे. सरावाआधी, आणि एखादा बाण लाकडी चौकटीवर, दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आदळला तर तेवढ्यापुरती पुन्हा, ती करायची. आधी दांडा उजेडात फिरवून पाहायचा आणि त्यावरून कापसाचा बोळा टोकापासून टोकापर्यंत हलक्या हाताने न्यायचा, तंतू उचकटलेला असेल तिथे कापूस अडकतो. उघडे बोट फिरवायचे नाही. मग दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून आणि इतर मुलांपासून दूर, बाण दीड-दोन इंच वाकवायचा, पाव फेरा फिरवून पुन्हा वाकवायचा, असे चारही बाजूंनी, आणि नंतर दोन्ही टोके उलटसुलट हलकेच पिळायची. त्या वेळी कान दांड्याकडे द्यायचा. किंचित जरी करकर ऐकू आली तरी तो बाण बाद. ही वाकवण्याची तपासणी कार्बनसाठी आहे, ॲल्युमिनियमचा बाण असा वाकवला तर वाकडाच होईल. तो काचेवर गडगडत नेऊन सरळ आहे ना आणि त्याला पोचा आला नाही ना, एवढे पाहायचे. लाकडी बाणात रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग जातात का ते पाहावे, मधेच बाहेर पडणाऱ्या रेषेवर बाण तिरका फाटतो.

नॉककडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. तो दोरीवर टक् करून बसला पाहिजे, बाण खाली लोंबकळत धरला तरी राहिला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की सुटला पाहिजे. नॉक फुटला किंवा दोरीवरून निसटला तर धनुष्य रिकामेच सुटते, आणि त्या हादऱ्याने पाती तडकू शकते. किरकोळ किमतीचा नॉक वाचवून कुणाचेही भले होत नाही. बाद झालेला बाणही तसाच कचऱ्यात टाकू नये. आम्ही आता तो डोळ्यांवर चष्मा लावून, जाड फडक्यात गुंडाळून, दोन तुकडे करूनच टाकतो, कारण आमच्या मुलीच्या हातात आलेला बाण असाच कुणीतरी अखंड टाकलेला होता.

विक्रेत्याला मी फोटो पाठवले. त्याने आधी “तुमच्या मुलीनं चुकीचा ओढला असेल” असे लिहिले आणि मग मला ब्लॉक केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही. बिल नसल्याने माझी बाजू दुबळी झाली आहे, तरी फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, “नवा माल” असे लिहिलेले त्याचे संदेश, दर आठवड्याच्या जाहिराती, सोललेले रॅप आणि ते अकरा बाण मी जपून ठेवले आहेत. रॅप सोलताना व्हिडिओ काढायचे मला सुचले नाही, ती उणीव वकिलांनी लगेच दाखवली.

मुलीच्या अंगठ्याच्या टोकाला अजून बधिरपणा आहे. तीन महिन्यांनी तिने पुन्हा धनुष्य हातात घेतले, पहिले काही दिवस दोरी सोडताना ती डोळे मिटत असे. आता मिटत नाही, पण प्रत्येक बाण कानाशी धरून वाकवल्याशिवाय ती दोरीला लावत नाही.

गेल्या आठवड्यात मैदानावरच्या एका पालकांनी नवीन घेतलेल्या बाणांचा फोटो मला कौतुकाने दाखवला. काळा-सोनेरी रॅप, पिवळी पिसे, लाल नॉक. त्यांना मी सर्व काही सांगितले आणि मुलाला ते बाण मारू देऊ नका, अशी हात जोडून विनंती केली. पिसे खराब होतील म्हणून ते रॅप काढायला कचरत होते. नव्या पिसांचा खर्च मी देईन असे कबूल केल्यावर ते तयार झाले आहेत. येत्या रविवारी सकाळी, सरांच्या समोर, आम्ही ते बारा बाण सोलणार आहोत, आणि या वेळी व्हिडिओ काढणार आहोत.