कॅमेरा ट्रॅप निवडताना: लाल दिवा, अदृश्य दिवा की पांढरा फ्लॅश?

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेणारा आधी मेगापिक्सेल बघतो आणि तिथेच फसतो. खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा छोट्या सेन्सरचा फोटो सॉफ्टवेअरने फुगवून मिळवलेला असतो. आधी ठरवायचा तो रात्रीचा उजेड, कारण बरेच सस्तन प्राणी फिरतात अंधारातच.

८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड लांबवर पडतो, फोटोही स्वच्छ येतो. पण ते पेटले की समोरच्याला मंद लाल ठिपके दिसतात. ते प्राण्याचं लक्ष वेधू शकतात आणि कॅमेरा चोरणाऱ्याचंही. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाला दिसत नाहीत, मात्र पल्ला कमी, फोटो दाणेदार आणि धावतं जनावर पुसट. पाणवठ्यासारख्या मोकळ्या जागी मी ८५० लावेन. अरुंद पायवाटेवर, जिथे जनावर तीन-चार मीटरवरून जातं, तिथे ९४०.

दोन्हींत रात्रीचा फोटो कृष्णधवलच. पट्ट्या-ठिपक्यांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखायचा असेल, तर पांढऱ्या फ्लॅशला तोड नाही. इन्फ्रारेडमध्ये चालत्या अंगावरची नक्षी विरघळून जाते. पण फ्लॅशने काही प्राणी बुजतात आणि ती वाट टाळू लागतात. नुसती हौस असेल तर नकोच.

मग फोटो कार्डावर साठवणारा कॅमेरा की सिमवाला? सिमवाला फोटो थेट मोबाइलवर धाडतो, म्हणजे तुमचा वास आणि पायरव तिथे वारंवार पोहोचत नाही. त्याला रेंज लागते, दरमहा पैसे लागतात, बॅटरीही लवकर उतरते. पण घेण्याआधी कायदाही बघा. शिकारीच्या संदर्भात तो कडक असू शकतो: अमेरिकेतल्या ॲरिझोनात २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा (कॅमेरा ट्रॅपचंच दुसरं नाव) वापरायलाच बंदी आहे, कार्डवाला असो की सिमवाला.

निरीक्षणालाही परवानगी लागतेच. खाजगी जागेत मालकाची, तीही लेखी. संरक्षित क्षेत्रात तिथल्या प्रशासनाची. रहदारीच्या वाटेवर लावलात तर माणसंच टिपली जातील, आणि त्यांचे फोटो, त्याहून त्यांचं बोलणं, साठवणं अंगाशी येऊ शकतं. कॅमेऱ्याचं तोंड फिरवा, आवाज बंद ठेवा. दुर्मीळ प्राण्याचा फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातलं जीपीएस ठिकाण पुसा. चोरटे शिकारीही फोटो बघतात.

कुठलाही घ्या, जनावराची चाहूल घेणारा सेन्सर टिपतो तो भोवतालच्या आणि अंगाच्या उष्णतेतला सरकता फरक. म्हणून भर उन्हाळ्याच्या दुपारी तो निम्मा आंधळा असतो, आणि उन्हात तापलेलं डोलतं गवत त्याला जनावर वाटतं. समोरचं गवत कापण्याआधी त्याचीही परवानगी आहे ना, बघा. जनावर अंगावर येण्यापेक्षा आडवं गेलं तर लवकर टिपलं जातं, तेव्हा कॅमेरा वाटेला काटकोनात किंवा थोडा तिरपा बांधा. मध्यम आकाराच्या प्राण्यांसाठी माणसाच्या गुडघ्याएवढी उंची पुरते. बांधून झालं की समोरून रांगत जा आणि कार्ड काढून बघा. फोटोत फक्त तुमची पाठ दिसली, तर कॅमेरा खाली घ्यायचाय.