मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांसाठी ईसीजी: म्हापशातल्या एका लॅबची सेवा

म्हापशाच्या बाजाराजवळच्या या लॅबमध्ये ईसीजी छान निघतो. खाली यंत्राने छापलेला निष्कर्ष मात्र डोळे झाकून मानू नका, एडीएचडीवर (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट ही गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

गोव्यातल्या दमट हवेत घामाने छातीवरचे तारांचे कप घसरतात आणि रेघ वरखाली पोहत राहते. छातीला खोबरेल चोपडलेलं असेल तर विचारूच नका. इथे स्पिरिटने कातडी पुसून मगच जेल लावतात आणि व्ही-१, व्ही-२ या छातीवरच्या पहिल्या दोन कपांसाठी बरगड्या बोटाने चाचपून चौथी फट शोधतात. हे कप दोन फटी वर बसले, तर नसलेला उजव्या बंडलचा (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याकडे विद्युतसंदेश नेणाऱ्या वाटेचा) अडथळा कागदावर दिसू शकतो.

खोट आहे ती आकड्यांत. या गोळीने नॉरॲड्रेनॅलिन या उत्तेजक रसायनाचा जोर वाढतो, सायनस नोड (ठोके सुरू करणारी हृदयातली गाठ) भराभर ठोके देतो, एव्ही नोडमधून (वरच्या कप्प्यांतून खालच्यांकडे जाण्याचा नाका) संदेशही किंचित लवकर सरकतो. नेहमीच्या डोसला क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचं टोकदार शिखर) सहसा रुंदावत नाही. (कोकेनचं निराळं, ते सोडियमची वाटच अडवतं.) म्हणजे मुख्य फरक ठोक्यांच्या वेगात, आणि वेग वाढला की बॅझेटचं सूत्र क्यूटीसी फुगवतं. (क्यूटी म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी-लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ, क्यूटीसी म्हणजे तोच ठोक्यांच्या वेगानुसार सुधारलेला.) ठोके १०० असतील तर दोन आर-टोकांमध्ये (लागोपाठच्या शिखरांमध्ये) कागदावरचे १५ छोटे चौकोन, म्हणजे ६०० मिलिसेकंद. क्यूटी ९ चौकोन, म्हणजे ३६०. बॅझेटने क्यूटीसी येतो ४६५, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने ४२७. एका आकड्याला घरचे हादरतात, दुसऱ्याला कोणी वळूनही बघत नाही! आणि रिपोर्टवर सूत्राचं नावच नाही. मूल्यांकनातला एक तारा त्यासाठीच कापला.

३५ हर्ट्झचा फिल्टर काढायला सांगा, त्याने बारीक खाचा गुळगुळीत होतात. पीआर (पी-लाटेच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंतचा वेळ) १२० मिलिसेकंदांच्या खाली आणि क्यूआरएसची सुरुवात तिरकी, लोळत चढणारी दिसली, तर गोळी सुरू करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पहिला ईसीजी गोळीआधी, दुसरा साधी (लगेच विरघळणारी) गोळी घेतल्यावर साधारण दोन तासांनी. दोन्ही कागद डॉक्टरांकडे न्या, गोळी आपणहून बंद करू नका.

शुक्रवारी जाऊ नका. बाजारामुळे गाडी लावायला जागा नसते, आणि धावतपळत येऊन लगेच पलंगावर आडवे झालात तर वाढलेले ठोके गोळीचे की धावपळीचे ते कळत नाही. दहा मिनिटं बसू द्या म्हणावं, तिथले लोक नाही म्हणत नाहीत.