युटिलिटी आयर्न, जळगावचं ऊन आणि हेडमधली खुळखुळ

साडेअठरा हजारांची गोल्फची काठी (क्लब), आणि हलवली की आत खुळखुळ वाजते. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण ज्यांचे रिव्ह्यू वाचून मी ही 3 नंबरची, 20 अंश लॉफ्टची (म्हणजे तोंडाच्या तिरकेपणाची) युटिलिटी आयर्न घेतली, त्यातल्या एकानंही याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, हिशोब अजून मिटायचाय.

घेतली कशासाठी ते थोडक्यात. जुन्या सेटमधली 3 नंबरची आयर्न म्हणजे पातळ धातूचं पातं, ब्लेड. मधोमध बसली तर 175 यार्ड, जरा टोकाला लागली की 145 आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. हायब्रिड (आयर्न आणि जाड डोक्याचा वूड यांच्या मधला क्लब) घेऊन पाहिला. तो माझ्या हातून डावीकडेच पळतो आणि समोरून वारा असला की चेंडू नुसता वर चढतो. बॅगेत 14 च क्लब ठेवता येतात, त्यामुळे दोघांपैकी एकाला घरी बसवणं आलंच.

युटिलिटीचं हेड पोकळ, पुढचा पत्रा पातळ, खाली टंगस्टनचं वजन. गुरुत्वमध्य खाली आणि मागे गेल्यानं चेंडू ब्लेडपेक्षा सहज उचलला जातो आणि हुकलेला फटकाही 160 च्या पुढे जातो. उडतो मात्र हायब्रिडपेक्षा खालून. टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) अरुंद फेअरवेत (छाटलेल्या गवताच्या पट्ट्यात) मारायला यासारखं दुसरं काही नाही. 2006 च्या ब्रिटिश ओपनमध्ये हॉयलेकच्या वाळलेल्या कोर्सवर टायगर वूड्सनं चारही दिवसांत मिळून ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) एकदाच काढला, टीवरून बहुतेक 2 नंबरची आयर्न नाहीतर 3 नंबरचा वूड. खालून जाणारा चेंडू कडक जमिनीवर किती पळतो ते आपल्याकडे उन्हाळ्यात कुणाला सांगायला नको. पहिले काही महिने मी खूश होतो. भेटेल त्याला हीच घे म्हणून सांगत होतो.

मग मे आला आणि खुळखुळ सुरू झाली.

माझा सराव शेतात चालतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की. कोर्सवर खेळायचं तर नाशिक नाहीतर पुणे. म्हणजे बॅग गाडीच्या डिकीतच असते. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "सर, आवाजानं खेळात काही फरक पडत नाही." खरंय. आत सुटलेला वाळक्या ग्लूचा तुकडा, त्याचं वजन ते काय असणार? पण बॅकस्विंग (काठी मागे उचलणं) वर गेला की तो आत घरंगळतो, 'टक्' असा आवाज येतो, आणि नेमकं त्याच क्षणी माझं लक्ष चेंडूवरून उडतं. पुढच्या फटक्याला तर मी त्या 'टक्'ची वाटच बघत असतो.

सर्व्हिसवाल्यांचा मेल त्याहून भारी. "क्लब बंद गाडीत उन्हात ठेवला होता का?" अहो, जळगावात मे महिन्यात 44-45 अंश असतात, गाडी ठेवायची तरी कुठे? तापलेल्या डिकीत इपॉक्सी ग्लू ढिला पडतो, हे मला मान्य आहे. मग जो माल भारतात विकता, त्याला भारतातला उन्हाळा सोसला पाहिजे की नको? यावर उत्तर नाही. उलट मूळ बिल, खोक्यावरच्या नंबरचा फोटो, हेडचा फोटो. आवाजाचा फोटो कसा काढायचा ते मात्र कळवलं नाही.

दरम्यान एमआयडीसीत मोटारी रिवाइंड करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडे नेली. त्यानं हेड कानाला लावलं, दोनदा उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "भो, आत काहीतरी सुटेल आहे. गरम करू का?" हेड हळू तापवून आतला ग्लू नरम करायचा आणि तुकडा त्यातच चिकटवून टाकायचा, असा त्याचा विचार. क्लब दुरुस्त करणारेही हेच करतात. पण वॉरंटी जाईल म्हणून मी हात लावू दिला नाही.

वरचं लिहून ठेवलं होतं, मध्ये बदली क्लब आला. तो वाजत नाही. आता डोकं शांत ठेवून वापरतोय, तर दुसरीच गोष्ट खटकायला लागलीये. 20 अंश माझ्या स्विंगच्या वेगाला कमीच पडतात. टीवरून ठीक आहे, पण लांबच्या पार 3 ला (तीन फटक्यांत संपवायच्या होलला) चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) पडतो आणि थांबायचं नाव न घेता मागच्या बाजूनं उतरतो. तिथं उंचावरून पडणारा हायब्रिडच बरा होता. शिवाय कडक काळ्या जमिनीवर रुंद सोल (हेडचा तळ) उसळतो आणि पाती थेट चेंडूच्या पोटात बसते. स्विंग वेगवान असेल, वाऱ्यात खेळत असाल तर 3 नंबर घ्या. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसानं 4 नंबर, 22-23 अंशांची घ्यावी, तीही सेकंडहँड. सेकंडहँड घेताना कानाला लावून हलवून बघाच.

मी आता ही विकून ती घेणार होतो. पण एवढं भांडून आणलेली काठी अर्ध्या किमतीत द्यायला जीव होत नाही. बदली क्लबच्या कुरियरचे सहाशे रुपये दुकानदार माझ्याकडेच मागतोय. ते मी देणार नाहीये.