भूमिका वाटून रिक्वायरमेंट वाचणं: आठ महिन्यांनंतर

रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेला कागद) नुसतं वरून खाली वाचलं की स्पेलिंगच्या चुका सापडतात, बाकी सगळं ‘ओके’. पर्स्पेक्टिव्ह-बेस्ड रीडिंग, म्हणजे प्रत्येकाने एकेक भूमिका घेऊन वाचणं, ही सवय मोडतं. सॉफ्टवेअर संशोधक व्हिक्टर बॅसिली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एक जण टेस्टर, एक डिझायनर, एक वापरणारा. वाचता वाचता प्रत्येकाने काहीतरी बनवायचं: टेस्ट केस (काय केलं की काय व्हायला हवं, याची चाचणी), ढोबळ आराखडा, वापराच्या पायऱ्या. हात अडला की दोष नोंदवायचा. अंधेरीच्या ऑफिसात आठ महिने वापरून झालं. टेस्टरची भूमिका सगळ्यात जास्त देते.

लोकलच्या पासबद्दलची नमुन्याची एक ओळ घ्या: ‘पास संपण्याच्या तीन दिवस आधीपासून नूतनीकरण करता येईल.’ वाचताना काही खटकत नाही. आता टेस्ट केस लिहा. पास ३१ तारखेला संपतो, मग सुरुवात २८ ला की २९ ला? पास संपून गेल्यावर चालेल? नवा पास लगेच लागू, की जुना संपल्यावर? आणि रात्री बारानंतर सीएसएमटीहून कर्जत लोकल पकडणाऱ्याचा ‘दिवस’ कोणता? दोन प्रश्न संदिग्धतेचे, दोन राहून गेलेल्या गोष्टींचे. सगळे एका ओळीतून.

डिझायनरला विसंगती सापडते: पान ६ वर मोबाइल नंबर सक्तीचा, पान १९ वर ऐच्छिक. वापरणाऱ्याच्या भूमिकेत मात्र तिकीट खिडकीवरच्या रांगेची सवय असलेला माणूस हवा, नाहीतर तीही डेव्हलपरचीच नजर होते. चुकीची वस्तुस्थिती, म्हणजे नियमच वेगळा असणं, विषयाचा जाणकारच पकडतो. तिथे कुठलीच पद्धत कामाची नाही.

वाचताना सोबत ठेवायची चेकलिस्ट एका पानाच्या पुढे गेली की लोक न वाचता टिक मारतात. ‘स्पष्ट आहे का?’ हा प्रश्न काढूनच टाका. ‘या ओळीतली मर्यादा कोणत्या आकड्यात दिली आहे?’ असं विचारा आणि उत्तरात ओळीचा नंबर मागा.

एका बैठकीत दहा-बारा पानं, दोन तासांच्या आत. पुढे नजर बोथट होते. भूमिका दर डॉक्युमेंटला बदला, नाहीतर तीच माणसं तेच दोष आणतात. एकत्र बसल्यावर फक्त नोंद करायची. कुणी उपाय सुचवायला लागला की तास गेलाच म्हणून समजा.

अडलेलं वाक्य शेजारच्याला मराठीत सांगून बघा. डॉक्युमेंटच्या इंग्रजीत ‘रक्कम परत केली जाईल’ खपून जातं. तोंडी सांगितलं की समोरचा विचारतोच, कोण करणार, किती दिवसांत, आणि कुठल्या खात्यात?