फियाट खोलल्यापासूनचं गॅरेज: अँगल रॅक, क्रेट, पेगबोर्ड आणि डॉली, पावसाळ्यासकट वापरून झाल्यावर

आधी मापं सांगतो, कारण मापाशिवाय असल्या वस्तूंचा रिव्ह्यू म्हंजे हवेतल्या गप्पा. आमचं गॅरेज कोल्हापुरात राजारामपुरीत, घराला चिकटून, १६ फूट लांब आणि ९ फूट रुंद, वर सिमेंटचा पत्रा, खाली शहाबादी फरशी. त्यात जीर्णोद्धारासाठी खोललेली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीवाली, घरातले सगळे अजून तिला फियाटच म्हणतात. ही गाडी लांबीला १३ फुटाच्या जरा आत आणि रुंदीला पावणेपाच फूट, म्हंजे रुंदीत सव्वाचार फूट शिल्लक. गाडी एका भिंतीकडं ढकलून लावली की दुसऱ्या बाजूला तीन फूट मिळतात आणि त्या तीन फुटातच रॅक, माणूस, जॅक आणि मिस्त्री मामांचा चहा, सगळं.

बाहेरून ही गाडी बारकी वाटते पण खोलायला सुरुवात केली की लग्नघरातल्या सामानागत कुठून कुठून काय निघतं कळत नाही. चार दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, दोन बंपर, पुढची अखंड सीट (गिअर स्टिअरिंगला असल्यामुळं पुढं बेंच सीट येते, ती कुठं ठेवायची हा स्वतंत्र प्रश्न), रेडिएटर, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, शिवाय काचा. त्यात पार्ट मिळेल तेव्हा घेऊन ठेवायची सवय. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ ला रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून तर कुणाकडं जुना स्टॉक दिसला की आपला हात लगेच खिशात जातो. म्हणून मला जे सांगायचंय ते हे की गॅरेज हत्यारांनी भरत नाही, ते भरतं आज न लागणाऱ्या पण टाकता न येणाऱ्या सामानानं, आणि कुठलीही वस्तू घेताना ती या सामानाचं काय करते एवढंच बघायचं. त्या हिशोबानं मी घेतलेल्यापैकी दोनच वस्तू पैसे वसूल आहेत.

पहिली वस्तू स्लॉटेड अँगलचा, म्हंजे भोकं पाडलेल्या लोखंडी अँगलचा, बोल्टनं जोडायचा रॅक. गेल्या दिवाळीनंतर बसवलाय, साडेसहा फूट उंच, तीन फुटी दोन खण शेजारी-शेजारी, पाच-पाच कप्पे. घेताना दोनच गोष्टी विचारा, कप्प्याची खोली आणि पत्र्याचा गेज. खोलीत १२, १५, १८, २४ इंच असं मिळतं आणि दुकानदार १८ च गळ्यात मारायला बघतो कारण त्याच्याकडं तेच पडून असतं. गाडीच्या बाजूला १२ इंचाच्या वर जाऊ नका. तीन फुटातनं एक फूट रॅकला गेला की दोन फूट उरतात, दोन फुटात माणूस उकिडवा बसून ब्रेकचं काम करू शकतो, पावणेदोनमध्ये गुडघा एकतर रॅकला नाहीतर चाकाला लागतोय. तीन इंचाचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, बसल्यावर समजतो.

गेजचं म्हणाल तर आकडा जितका कमी तितका पत्रा जाड. उभे अँगल १४ गेजचे घेतले ते भक्कम आहेत, तक्रार शून्य. कप्पे २२ गेजचे आले आणि खालच्या कप्प्यावर गिअरबॉक्स ठेवल्यावर थोड्याच दिवसात मधे पोट दिसायला लागलं. विकताना कप्प्याला किती किलो चालतं ते सांगतात, पण ते वजन सगळ्या कप्प्यावर सारखं पसरलं तर, आणि गिअरबॉक्स काही साखरेच्या पोत्यासारखा पसरून बसत नाही, त्याचा सगळा भार दोन ठिकाणी येतो. आता खाली १८ एमएम प्लायचा तुकडा टाकलाय, पोट थांबलंय. ज्यांना जमतंय त्यांनी खालचे दोन कप्पे २० गेजचेच मागा. आणि कोपऱ्याच्या त्रिकोणी पट्ट्या लावल्याशिवाय रॅक हलतोच, फिटिंगवाला घाईत असला तर तो त्या पट्ट्या पिशवीतच ठेवून जातो, समोर उभं राहून लावून घ्या. वरच्या बाजूला भिंतीला फास्टनर मारून बांधणं तर पाहिजेच, शेजारी ९०० किलोच्या आसपासची गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) उभी आहे आणि रॅक तिच्यावर कलला तर काय होईल ते लिहायला नको.

कोल्हापुरात राहून रेडीमेडच घ्यायचा का, तर माझं मत नाही. उद्यमनगरात आपल्या मापात करून देणारे फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत, बोअरिंग आणि क्रँकच्या कामासाठी आपण तिकडं चकरा मारतोच, त्याच चकरेत माप द्यायचं. वेल्डिंगचा रॅक जास्त दमदार होतो. स्लॉटेडचा फायदा एकच, कप्पे वरखाली करता येतात, आणि जीर्णोद्धाराच्या कामात तो फायदा खरंच लागतो कारण इंजिन बसलं की अख्खा खालचा कप्पा मोकळा होतो नि मग तिथं काहीतरी भलतंच उंच सामान येतं. तेवढ्यासाठी मी स्लॉटेडवरच राहिलो.

दुसरी वस्तू क्रेट. ४०० बाय ३०० एमएमचे, चारी बाजू बंद असलेले घ्या, जाळीचे नकोत, जाळीतनं वायसर खाली पडतात. इथं एक गंमत आहे, १२ इंची कप्प्यावर हे क्रेट आडवे दोनच बसतात आणि चार इंच जागा वाया जाते, १५ इंचीवर उभे तीन बसतात, जरासे पुढं येतात इतकंच. म्हणून गाडीच्या बाजूला १२ आणि शटरजवळच्या कोपऱ्यात एक १५ इंची असा मेळ बसतो. त्या वाया गेलेल्या चार इंचात स्प्रेचे डबे आणि ऑइलच्या बाटल्या बरोबर उभ्या राहतात, तेव्हा फार हळहळ नको. एवढ्या महिन्यात एकही क्रेट फुटलेला नाही, डिझेलनं धुतले तरी काही होत नाही. दोन क्रेट उन्हाळ्यात आईनं चटणीच्या मिरच्या वाळवायला नेले, ते अजून वरच्या गच्चीवरच आहेत, ते परत मागायची हिंमत नाही.

क्रेटमध्ये काय कसं ठेवायचं यावर मात्र मी जास्त बोलणार, कारण रॅक कुणीही आणतो. सगळीकडं सल्ला मिळतो की इलेक्ट्रिकल एकीकडं, ब्रेक एकीकडं, आतलं सामान एकीकडं. माझ्या अनुभवात त्यापेक्षा बसवायच्या क्रमानं लावलेलं बरं. जे सगळ्यात शेवटी बसणार, म्हंजे दाराच्या आतले कार्डबोर्ड, मोनोग्राम, आरसे, हॅंडल, ते सगळ्यात वर आणि मागं, वर्षभर हात नाही लागला तरी चालतंय. जे येत्या महिन्यात लागणार ते कमरेच्या उंचीला. त्यामुळं वायरिंगचे तुकडे तीन वेगवेगळ्या क्रेटमध्ये गेलेत आणि बघणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटतं, पण काम करताना एक क्रेट ओढायचा, रिकामा करायचा, पुढचा ओढायचा, असं चालतंय. मिस्त्री मामांनी पहिल्यांदा बघून म्हटलं होतं, "हे काय दुकान मांडलंय व्हय?" आता तेच येतात आणि विचारतात, "पुढचा डबा कुठला?"

पिशव्यांवर मार्करनं लिहू नका. थिनरचा किंवा पेट्रोलचा हात लागला की अक्षरं गायब. साध्या शिसपेन्सिलीनं कागदावर लिहायचं आणि चिठ्ठी झिपवाल्या पिशवीच्या आत टाकायची, पेन्सिलीला थिनर काही करत नाही. सोबत खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो.

आणि दोन गाड्यांचे बोल्ट एकत्र कधीच करायचे नाहीत, हे मोठ्या अक्षरात. माझ्याकडं चुलतभावाच्या जुन्या अँबॅसिडरचं इंजिनचं सामान पडून आहे, १४८९ सीसीचं, बीएमसी म्हंजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या घराण्यातलं, त्याचं सगळं इंचात. फियाट इटलीची, तिचं सगळं एमएममध्ये. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना आरामात चढतो आणि जोर लावला की घसरून कोपरे गोल करतो. आट्यांचं तर त्याहून वाईट, इंची बोल्ट एमएमच्या भोकात दोन-तीन आटे जातो आणि माणसाला वाटतं बसला. म्हणून अँबॅसिडरचे क्रेट लाल, फियाटचे निळे, आणि पाने सुद्धा वेगळ्या खिळ्यांवर. तुमच्याकडं एकच गाडी असली तर हा परिच्छेद सोडून द्या, पण या छंदात एकच गाडी फार दिवस राहत नाही.

पेगबोर्ड, म्हंजे भिंतीवर हत्यारं टांगायचा भोकाभोकांचा बोर्ड. फोटोत सगळ्यात देखणी दिसणारी हीच वस्तू आणि सगळ्यात बिनकामाची पण हीच. मी लाकडी भुशाच्या बोर्डाचा घेतला होता, जुलैत आपल्याकडची हवा आणि सिमेंटचा पत्रा धरणाऱ्या जे-बोल्टच्या भोकातनं येणारे थेंब, ऑगस्टपर्यंत खालची कड फुगून पोळीगत सुटली. लोखंडी मिळतो तो फुगणार नाही, पण हूक त्यालाही तसेच, पाना काढला की हूक हातात येतो. त्याऐवजी लक्ष्मीपुरीतनं वेल्ड मेशचा (लोखंडी जाळीचा) तुकडा आणला, भिंतीपासून इंचभर पुढं ठोकला आणि एस हूक अडकवले. किंमत पेगबोर्डच्या निम्म्याहून कमी, आणि मागनं हवा खेळते म्हणून पाने गंजत नाहीत.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे कारण पुण्या-मुंबईच्या बंद गॅरेजवाल्यांचे सल्ले इथं लागू पडत नाहीत. रॅकचं पावडर कोटिंग सपाट भागावर अजून नवीन आहे पण जिथं अँगल कापलाय तिथं आणि बोल्टच्या भोकांच्या कडेला गंज धरलाच, बसवायच्या आधी कापलेल्या टोकांना रेड ऑक्साइड मारून घ्या. पार्टचं म्हणाल तर रंग काढलेला उघडा पत्रा पावसाळ्यात एक रात्र सुद्धा ठेवू नका. नुसता साधा प्रायमर किंवा लांबी (पुट्टी) मारून ठेवली म्हणून निवांत बसू नका, दोन्ही ओल पितात आणि आतनं गंज चालूच राहतो, ओल अडवतो तो इपॉक्सी प्रायमर. मी दारं आणि बॉनेट इपॉक्सी मारूनच टांगली, बाकी पत्र्याचं काम जून ते सप्टेंबर बंद आणि त्या काळात इंजिन, ब्रेक, वायरिंग. गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकू नका, आतल्या आत घाम येतो, जुनी सुती चादर बरी. ड्रम आणि बिनक्रोमच्या भागांना ऑइलचा हात मारून कागदात गुंडाळायचं. आणि ज्यांच्या घरात २०१९ ला किंवा २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं होतं त्यांनी खालचा कप्पा रिकामाच ठेवलेला बरा, गिअरबॉक्स तिथं नको.

टांगण्यावरनं आठवलं, बंपर आणि प्रोपेलर शाफ्ट जमिनीवर ठेवले की रोज कुणीतरी अडखळतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे करून छताच्या पाइपाला बांधले आणि त्यात बंपर सरकवले, क्रोमला ओरखडा नाही, खर्च शून्य. काचा उभ्याच ठेवायच्या, आडव्या नाही, आणि ग्राइंडर चालतो त्याच्या समोरच्या भिंतीला तर मुळीच नाही. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतते आणि नंतर कितीही पुसा, बारीक खड्डे राहतातच.

ब्रेक ऑइलचा डबा रंगवलेल्या पार्टच्या वरच्या कप्प्यावर नको, एक थेंब पडला तरी रंग उकलतो, शिवाय उघडा डबा हवेतली ओल ओढतो म्हणून छोटाच डबा घ्यायचा. पेट्रोलचा साठा करायचाच नाही, त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते आणि तिथंच आपला कॉम्प्रेसर ठिणगी टाकत बसलेला असतो. जुन्या गाडीचे ब्रेक लायनर खोलताना धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

लाइटवर फार बोलायचं नाही, दोन एलईडी ट्यूब गाडीच्या दोन्ही बाजूला लावल्या, बरोबर मधोमध लावली की टपाचीच सावली आपल्या हातावर. कामाचं टेबल विकत घेतलं नाही, समोरच्या भिंतीला बिजागरीवर फळी बसवलीय, लागली की पाडायची, नाहीतर रेडिएटरसमोर उभं राहायला जागाच उरत नाही.

राहिली व्हील डॉली. चार चाकांखाली चार ट्रॉल्या, गाडी आडवी सरकवता येते म्हणून अरुंद गॅरेजला एकदम रामबाण, असं वाचून घेतल्या. वस्तू वाईट नाही, बेअरिंग चांगले आहेत, वजन झेलते. पण शहाबादीच्या सांध्यात तिची बारकी चाकं अडकतात आणि मग मी, मामा आणि शेजारचा पोरगा तिघं मिळून ढकलायलोय आणि गाडी जागची हलत नाही. मामांनी शेवटी फरशीवर पत्र्याच्या दोन पट्ट्या टाकून सरकवून दाखवली, जमतंय, पण दर वेळी पट्ट्या अंथरा नि गोळा करा कोण करणार. गुळगुळीत कोबा किंवा मोठी टाइल असेल तर डोळे झाकून घ्या. आमच्यात त्यातल्या दोन डॉली आता सुट्या गिअरबॉक्ससाठी आणि दोन आईच्या गॅस सिलिंडरखाली आहेत, किचनमध्ये टाइल आहे.